आयर्लंडमधलं हिवाळी वादळ: नव्याने आलेल्या मराठी घरांसाठी पायरीपायरीने तयारी

आयर्लंडमध्ये पहिला किंवा दुसरा हिवाळा काढणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी हे लिहिते आहे. आम्ही गॉलवे काउंटीत (काउंटी म्हणजे इथला जिल्हा), शहरापासून दूर, खेड्यात राहतो. २४ जानेवारी २०२५ च्या पहाटे 'एओविन' वादळ आलं ते आमच्याच किनाऱ्यावरून. इथून जवळच्या मेस हेडला वाऱ्याचा झोत ताशी १८३ किलोमीटर मोजला गेला आणि १९४५ साली फॉइन्सला नोंदलेला १८२ किलोमीटरचा विक्रम मोडला. देशभरातल्या ७ लाख ६८ हजार घरांची आणि व्यवसायांची वीज गेली.

वारा त्याच दिवशी ओसरला. वीज मात्र पश्चिमेकडच्या काही खेड्यांत दोन आठवड्यांच्या आसपास नव्हती. म्हणून तयारी करताना डोळ्यांसमोर वाऱ्याची एक रात्र ठेवू नका, थंडीतले विजेविना दिवस ठेवा. या लेखातली प्रत्येक सूचना त्यातूनच आली आहे.

कोकणातल्या मंडळींना वाटेल, वादळ आम्हाला नवं नाही. माझं माहेर दापोलीकडचं. ३ जून २०२० च्या 'निसर्ग'मध्ये तिथे कौलं-पत्रे उडाले, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि गावंच्या गावं कित्येक दिवस अंधारात होती. तरीही परसातल्या विहिरीला पोहरा होता, चूल होती, आणि अंगावर एक चादर पुरत होती. इथल्या घरात पाणी, शेगडी, हीटिंग, फोन आणि कधी कधी इमारतीचं दारसुद्धा विजेवर चालतं. बाहेर तापमान शून्याच्या आसपास, सूर्य साडेआठच्या पुढे उगवणार आणि पाचला मावळणार. तिकडच्या अनुभवाने धीर येतो, पण इथली तयारी वेगळी करावी लागते.

१. इशारा नीट वाचायला शिका

इथली हवामान संस्था म्हणजे मेट एरन. ती काउंटीनुसार पिवळा, नारिंगी आणि लाल असे इशारे देते. वाऱ्यासाठीचे ठोकताळे असे: झोत ताशी ९० ते ११० किलोमीटर असेल तर पिवळा, ११० ते १३० असेल तर नारिंगी आणि १३० च्या पुढे लाल.

हिवाळ्यात पिवळा इशारा इतक्या वेळा येतो की महिनाभरात तुम्ही त्याकडे पाहणं सोडून द्याल. पिवळ्यासाठी कामधंदा थांबवायचं कारण नाही, पण बागेतलं सामान मात्र तेव्हाही आत घ्या. नारिंगी आला की प्रवास पुढे ढकला आणि खालची यादी हातात घ्या. लाल इशाऱ्याच्या वेळेत घराबाहेर पडायचं नाही. एओविनच्या वेळी सगळ्या २६ काउंट्यांना लाल इशारा होता, शाळा आणि सार्वजनिक वाहतूक बंद होती.

इथे दोन ठिकाणी नवी माणसं हमखास गोंधळतात.

पहिलं म्हणजे फोनमधलं हवामान ॲप. त्यात बहुधा वाऱ्याचा सरासरी वेग ठळक दिसतो. 'ताशी ६०' वाचून माणूस निर्धास्त होतो, आणि झाडं पडतात ती झोतांनी. ॲपमध्ये झोताचा आकडा वेगळा शोधा किंवा सरळ मेट एरनचंच संकेतस्थळ पाहा.

दुसरं म्हणजे फोनवर भोंगा वाजेल ही अपेक्षा. एओविनच्या आदल्या दिवशी उत्तर आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये लाखो फोनवर सरकारी सावधानतेचा संदेश मोठ्या आवाजात वाजला. आपल्याकडे, म्हणजे प्रजासत्ताकात, तेव्हा तशी सोय नव्हती. भोंग्याच्या भरवशावर न राहता बातम्या आपण होऊन पाहायच्या. उत्तर आयर्लंडला इशारा ब्रिटनचं मेट ऑफिस देतं आणि विजेचं काम एनआयई नेटवर्क्सकडे असतं, त्यामुळे बेलफास्ट किंवा डेरीत राहणाऱ्यांनी खाली दिलेले क्रमांक वापरू नयेत.

२. वीज गेली तर तुमच्या घरात काय काय बंद पडेल?

हे वादळाच्या आधी, एखाद्या शांत शनिवारी पाहून ठेवा. घरमालकाला विचारा, शेजाऱ्यांना विचारा. आपल्या लोकांना यातलं निम्मं ठाऊक नसतं, कारण भाड्याच्या घराची किल्ली देताना हे कोणी सांगत नाही.

*हीटिंग.* बॉयलर गॅसवर असो वा केरोसीनवर, त्याचा पंप आणि नियंत्रण विजेवर चालतं. टाकी तेलाने काठोकाठ भरलेली असली तरी वीज गेली की रेडिएटर थंड पडतात. हीट पंपाचंही तेच. विजेशिवाय ऊब देते ती फक्त लाकूड, टर्फ (दलदलीतून कापून वाळवलेली जळाऊ माती) किंवा कोळशाची बंद शेगडी, ज्याला इथे स्टोव्ह म्हणतात, किंवा उघडी फायरप्लेस. तीही पाणी तापवणाऱ्या बॉयलरला जोडलेली असेल, तर पंप बंद असताना पेटवणं धोक्याचं ठरू शकतं. घरमालकाला हे नेमकं विचारून घ्या.

*पाणी.* शहरात नळाचं पाणी येतं. खेड्यात बऱ्याच घरांना स्वतःची बोअरवेल असते आणि तिचा पंप विजेवर, म्हणजे वीज गेली की काही वेळात नळ कोरडा. सार्वजनिक पुरवठ्याचे जलशुद्धीकरण प्रकल्पही विजेवरच चालतात. एओविनमध्ये लाखाहून अधिक लोकांचं पाणी बंद झालं ते पाइप फुटल्यामुळे नव्हे, मुख्यतः प्रकल्पांची वीज गेल्यामुळे. बहुतेक जुन्या घरांत माळ्यावर साठवणीची टाकी असते. तिचं पाणी आंघोळ-शौचालयाला पुरवून वापरता येतं, पिण्याला वापरू नका. स्वयंपाकघरातला थंड पाण्याचा नळ सहसा थेट मुख्य वाहिनीवरून येतो, पिण्याचं पाणी त्याचंच भरा.

*शेगडी.* गॅसची असेल तर ठिणगी पडणार नाही, पण बहुतेक शेगड्या लायटरने पेटतात. तुमची पेटते का, ते आत्ताच करून पाहा. इंडक्शन असेल तर दुसरी सोय हवी.

*फोन आणि इंटरनेट.* घरातला राउटर तर बंद पडतोच, काही तासांनी मोबाइलच्या मनोऱ्यांच्या बॅटऱ्याही संपतात. एओविननंतर आमच्या भागात फोनला रेंजच नव्हती. घरात मुळात रेंज कमी असल्याने जे लोक वायफायवरून बोलतात, त्यांचा फोन सगळ्यात आधी मुका होतो.

*अपार्टमेंट.* लिफ्ट, वरच्या मजल्यांना पाणी चढवणारा पंप, गॅरेजचं फाटक आणि चकतीने उघडणारं मुख्य दार यांचं वीज गेल्यावर काय होतं, हे व्यवस्थापनाला लेखी विचारा.

घरात कोणी विजेवर चालणारं वैद्यकीय उपकरण वापरत असेल (ऑक्सिजन, नेब्युलायझर, डायलिसिस), तर ज्या कंपनीकडून विजेचं बिल येतं तिच्याकडे प्राधान्य ग्राहक म्हणून नाव नोंदवा. हे काम वादळाच्या आठवड्यात होत नाही, आजच फोन करा.

३. सामान: ऑक्टोबरमध्येच आणून ठेवा

नारिंगी इशारा आला की दुकानांतून सगळ्यात आधी ब्रेड संपतो, मग बॅटऱ्या, मग गॅसचे छोटे डबे. वादळ नावानिशी जाहीर झाल्यावर खरेदीला निघालात तर रिकामी फडताळं पाहून याल. हे सामान एका खोक्यात, सगळ्यांना ठाऊक असलेल्या जागी ठेवा:

- माणशी एक टॉर्च, कपाळाला बांधायचा असेल तर उत्तम (अंधारात भांडी घासताना, बाळाचं लंगोट बदलताना दोन्ही हात मोकळे लागतात), आणि जास्तीच्या बॅटऱ्या
- बॅटरीवर चालणारा एफएम रेडिओ. फोन बंद असताना आरटीई रेडिओ वनच्या बातम्या हाच एक धागा उरतो
- मोठी पॉवर बँक, गाडीत चार्ज करायची वायर
- कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, चालू बॅटरीसह
- रबरी गरम पाण्याच्या पिशव्या, दोन चांगले थर्मास
- पिण्याच्या पाण्याचे झाकणाचे डबे, बादल्या, पिंप
- रोख रक्कम, सुट्या नोटांसह. कार्ड यंत्रं आणि एटीएम दोन्ही बंद पडतात
- नेहमीची औषधं किमान दोन आठवड्यांची, बाळाचं दूध आणि लंगोट
- प्रथमोपचाराचं सामान, ताडपत्री, मजबूत चिकटपट्टी, दोरी
- सरपण किंवा ब्रिकेट (जळणाच्या दाबून केलेल्या विटा), घराच्या आत कोरड्या जागी

आता समया आणि मेणबत्त्यांविषयी. वीज गेली की आपला हात आपसूक देव्हाऱ्यातल्या निरांजनाकडे जातो. कृपा करून उजेडासाठी दिवे लावू नका. इथल्या घरांत आतल्या भिंती बऱ्याचदा लाकडी चौकटीच्या, जमिनीवर गालिचे, खिडक्यांना जाड पडदे, आणि लाल इशाऱ्यात अग्निशमन दलालाही वेळेवर पोहोचणं कठीण. संध्याकाळचा दिवा लावायचाच असेल तर माणूस समोर बसलेला असताना लावा आणि उठताना शांत करा.

४. स्वयंपाकघर

याबाबतीत आपलं मराठी स्वयंपाकघर इथल्या कुठल्याही सरकारी यादीपेक्षा सरस आहे. न शिजवता खाता येणारे आणि टिकणारे पदार्थ आपल्याकडे भरपूर आहेत.

सातूचं पीठ दूध-गुळात किंवा नुसत्या पाण्यात कालवलं की न्याहारी झाली. पातळ पोहे असतील तर दडपे पोहे, तेही ताजं खोबरं नसेल तर डेसिकेटेड खोबऱ्याला थोडं पाणी लावून. दुधात भिजवलेल्या कणकेच्या, गूळ घातलेल्या दशम्या थंडीत दोन-तीन दिवस सहज राहतात आणि मुलं गार असतानाही खातात. तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, भडंग, चिवडा, डिंकाचे किंवा बेसनाचे लाडू हे सगळं वादळाच्या आदल्या दिवशी, वीज असताना करून ठेवा. थंडीत शरीराला जास्त खायला लागतं, त्यामुळे तूप आणि गूळ हात आखडून घालू नका.

स्टोव्ह असेल तर त्याच्या माथ्यावर पातेलं ठेवून हळूहळू चहा होतो, खिचडीही होते. इंधन वाचवायचं तर खिचडीला चांगली खळखळून उकळी आणा, झाकण घट्ट लावा, पातेलं जुन्या टॉवेलात आणि त्यावर गोधडीत गुंडाळून अर्धा-पाऊण तास ठेवा. भात-डाळ आतल्या आत शिजते. मूगडाळ घ्या, तूरडाळ अशी शिजत नाही. आणि गरम असतानाच जेवून घ्या.

कॅम्पिंगची गॅस शेगडी विकत घेतलीत तर ती वारा ओसरल्यावर, घराबाहेर, भिंतीच्या आडोशाला वापरायची. घरात नाही, गॅरेजमध्ये नाही, दार किलकिलं ठेवूनही नाही. कोळशाच्या बार्बेक्यूचंही तेच. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. आधी डोकं दुखतं, मग मळमळ आणि गुंगी येते, आणि झोपेत माणूस जातो. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवायची पद्धत आहे म्हणून काहींना यात गैर वाटत नाही. कौलांच्या फटींतून हवा खेळणाऱ्या त्या घरांत आणि इथल्या दुहेरी काचांच्या बंद घरांत फार अंतर आहे.

फ्रिजचं दार उघडलं नाही तर आतलं अन्न साधारण चार तास सुरक्षित राहतं. गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास. म्हणून आदल्या दिवशी रिकाम्या जागी पाण्याच्या बाटल्या गोठवायला ठेवा, पुढे ते पाणी पिताही येतं. आदल्या रात्रीचा बाहेर राहिलेला भात सकाळी फोडणीला टाकायची सवय या दिवसांत सोडा. त्यातले जंतू फोडणीने मरतात, पण त्यांनी तयार केलेलं विष तसंच राहतं. पोट बिघडलं आणि पाणी नसलं, तर काय अवस्था होते ते वेगळं सांगायला नको.

५. कागदपत्रं आणि क्रमांक

एका जलरोधक पिशवीत ठेवा: पासपोर्ट, आयआरपी कार्ड (इथे राहण्याच्या परवानगीचं), पीपीएस क्रमांकाचा (सरकारी कामांसाठीच्या ओळख क्रमांकाचा) पुरावा, भाडेकरार, घराच्या विम्याची पॉलिसी, विजेचं ताजं बिल, बँकेचा आयबॅन (आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक), औषधांची चिठ्ठी, मुलांचे जन्मदाखले. सगळ्यांचे फोटो फोनमध्येही असू द्या, आणि ते इंटरनेटशिवाय उघडतात का ते बघा.

विजेच्या बिलावर १० ने सुरू होणारा ११ आकडी एमपीआरएन असतो. तुमच्या जोडणीची ओळख तीच. तो आकडा आणि खालचे क्रमांक कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजला लावा:

- जीव धोक्यात असेल तर: ११२ किंवा ९९९
- वीज गेली किंवा तार पडली: ईएसबी नेटवर्क्स, १८०० ३७२ ९९९
- गॅसचा वास आला: गॅस नेटवर्क्स आयर्लंड, १८०० २० ५० ५०
- पाणी बंद: इश्का एरन, १८०० २७८ २७८
- सरकारी तातडीची मदत: कम्युनिटी वेल्फेअर सेवा, ०८१८ ६० ७० ८०

नव्या माणसांचा इथे नेहमी वेळ जातो तो असा: बिल ज्या कंपनीचं येतं तिला फोन लावतात, अर्धा तास थांबतात, आणि मग 'हे आमचं काम नाही' असं ऐकतात. ते खरंही असतं. वीज विकणाऱ्या कंपन्या अनेक आहेत, पण खांब आणि तारा कोणाच्याही ग्राहकासाठी ईएसबी नेटवर्क्सच दुरुस्त करते. तिचं पॉवरचेक हे ॲप आधीच उतरवून घ्या, त्यात तुमच्या भागाचा बिघाड आणि अंदाजे वेळ दिसते. मोठ्या वादळानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांतली ती वेळ फार मनावर घेऊ नका. खांबांची पाहणी पूर्ण झाली की मगच तिला अर्थ येतो.

६. आदला दिवस

आधी अंगण. इथल्या वादळांत शेजारच्या काचा फोडणाऱ्या वस्तूंमध्ये पहिला मान मुलांच्या ट्रॅम्पोलिनचा. त्याची जाळी काढा, शक्य असेल तर सांगाडा सोडवून आडवा करा. कचऱ्याचे चाकांचे डबे, कुंड्या, खुर्च्या, कपडे वाळत घालायचं घडीचं स्टँड, सगळं आत. दिवाळीचा आकाशकंदील अजून बाहेर लटकत असेल तर तोही उतरवा. शेडला कडी असून भागत नाही, कुलूप लावा.

गाडी झाडांपासून दूर लावा आणि टाकी भरून घ्या, वीज नसताना पेट्रोल पंपही बंद असतात. विजेवरची गाडी असेल तर पूर्ण चार्ज करा. फोन, पॉवर बँक, लॅपटॉप भरून ठेवा. लॅपटॉपवरून फोन दोन-तीनदा चार्ज होतो. पिंपं, बादल्या आणि मोठी पातेली पाण्याने भरा. घरात रांगतं मूल असेल तर पाणी भरलेल्या टबाच्या खोलीला बाहेरून कडी घाला. कपडे धुऊन, वाळवून घ्या. सगळ्यांनी गरम पाण्याने आंघोळी करून घ्या, पुढची कधी मिळेल सांगता येत नाही.

कार्यालयाला आणि भारतातल्या घरच्यांना आधीच कळवा: 'एक-दोन दिवस फोन लागणार नाही, काळजी करू नका.' हा एक निरोप फार महत्त्वाचा आहे. इथली बातमी तिकडच्या वाहिन्यांवर पोहोचते, आणि फोन लागला नाही की आई-वडिलांची रात्र फार वाईट जाते.

शेवटी शेजारी. एकट्या राहणाऱ्या वयस्कर शेजाऱ्याचं दार वाजवा, काही आणायचं आहे का विचारा. खेड्यात हे रीतीला धरूनच आहे, कोणी आगाऊपणा समजत नाही.

७. वादळाची रात्र

झोपण्याची जागा ठरवताना तीन गोष्टी बघा: मोठी झाडं कुठल्या बाजूला आहेत, धुरांडं कुठे आहे आणि वारा कुठून येणार आहे. शक्य असेल तर खालच्या मजल्यावर, आडोशाच्या बाजूच्या खोलीत, खिडकीपासून लांब गाद्या टाका. पडदे ओढून घ्या, काच फुटली तर तुकडे थोडे तरी अडतात. प्रत्येकाच्या उशाशी टॉर्च आणि बूट.

'एक खिडकी उघडी ठेवली की आतला दाब मोकळा होतो' असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. आत शिरलेला वारा छताला खालून उचलतो. सगळ्या खिडक्या आणि आतली दारंही बंद.

भिंतीत वर गोल किंवा चौकोनी झरोका असतो, त्यातून गार हवा शिट्टी मारत येते. त्यात बोळे कोंबण्याचा मोह होतो. ज्या खोलीत स्टोव्ह, फायरप्लेस किंवा गॅसचं उपकरण आहे तिथला झरोका कधीही बंद करू नका, ज्वलनाला लागणारी हवा तिथूनच येते. ऐन वादळात स्टोव्ह पेटवू नका. धुरांड्यातून उलटा झोत आला की खोली धुराने भरते. तो आदल्या संध्याकाळी पेटवून घर तापवून घ्या आणि विझू द्या.

मधेच वारा पडल्यासारखा वाटेल. दिशा बदलून तो पुन्हा तितक्याच जोराने येऊ शकतो. 'जरा बघून येतो' म्हणून बाहेर पडणारी माणसं सापडतात ती याच वेळेत. लाल इशाऱ्याची वेळ संपेपर्यंत दार उघडायचं नाही. एओविनमध्ये डोनेगलला चालत्या गाडीवर झाड पडून एका तरुणाचा जीव गेला.

८. विजेविना दिवस

वीज गेल्या गेल्या शेगडी, इस्त्री, हीटर यांची बटणं बंद करा. वीज मध्यरात्री परत आली आणि रिकाम्या शेगडीवर कोणी फडकं टाकलेलं असलं, तर आग लागते. एका विजेच्या दिव्याचं बटण मात्र चालू ठेवा, म्हणजे वीज आली ते कळेल.

मग सगळं कुटुंब एका खोलीत हलवा. सगळ्यात लहान, दक्षिणेकडे खिडकी असलेली खोली घ्या. दाराखाली टॉवेल लावा, जमिनीवर सतरंजी आणि गाद्या अंथरा. दिवसा पडदे उघडे, ऊन गेलं की लगेच बंद. एकच जाड जाकीट घालण्यापेक्षा तीन पातळ थर बरे: आत सुती, मग लोकर, वर वारा अडवणारं. कानटोपी झोपतानाही घाला. मुलं चुळबुळ करून ऊब राखतात. जपावं लागतं ते भारतातून भेटीला आलेल्या आजी-आजोबांना, कारण 'मला काही थंडी नाही' म्हणत ते एकाच खुर्चीत बसून राहतात. त्यांना दर तासाला उठवून चार पावलं चालवा, गरम काहीतरी प्यायला द्या. बोलणं अडखळायला लागलं, कापरं भरून अचानक थांबलं, किंवा नको तितकी झोप येऊ लागली, तर वाट न पाहता ११२ लावा.

मधुमेह असणाऱ्यांसाठी: वापरात असलेलं इन्सुलिन बहुतेक प्रकारांत खोलीच्या तापमानाला चारेक आठवडे टिकतं, पाकिटावरची मुदत बघा. गार राहावं म्हणून ते बाहेर ओसरीवर ठेवू नका. एकदा गोठलं की ते फेकून द्यावं लागतं.

फोन विमान मोडवर ठेवा, दिवसातून दोनदा ठरलेल्या वेळी चालू करा. गाडीत चार्ज करायचा तर गाडी उघड्यावर असताना, गॅरेजमध्ये इंजिन चालू करून नाही. जनरेटर कोणी दिलाच तर तो घरापासून लांब, बाहेर ठेवा. त्याची वायर भिंतीतल्या सॉकेटमध्ये उलटी जोडून घर उजळवण्याचा प्रकार कोणाकडूनही करून घेऊ नका. ती वीज तारेत शिरते आणि खांबावर चढलेल्या कामगाराचा जीव जातो. एओविननंतरच्या दिवसांत फ्रान्स, ऑस्ट्रिया, फिनलंडहून आलेली पथकंही इथल्या खांबांवर पावसात राबत होती.

आणि मदत घ्या. यावर मी जास्त लिहिते आहे, कारण आपली माणसं इथेच मागे राहतात. वादळानंतर ठिकठिकाणी सामाजिक सभागृहं, ग्रंथालयं आणि जीएए (गेलिक खेळांचे) क्लब उघडतात. तिथे फोन चार्ज होतो, गरम पाण्याने आंघोळ करता येते, सूप आणि चहा मिळतो. कुठे काय उघडं आहे ते काउंटी कौन्सिलच्या पानावर आणि स्थानिक रेडिओवर सांगतात. 'आपण बाहेरचे, आपल्याला कोण विचारणार' असं मनात आणू नका. तिथे पत्ता विचारत नाहीत, व्हिसा विचारत नाहीत. आम्ही संकोचत गेलो, तर दारातल्या बाईंनी आधी मुलांच्या हातात कोकोचे पेले दिले आणि मगच नाव विचारलं. दुसऱ्या दिवशी आम्ही डबाभर लाडू घेऊन गेलो आणि पुढचे दिवस तिथेच भांडी विसळायला हात लावला. गावात खऱ्या अर्थाने ओळखी झाल्या त्या तेव्हा.

महाराष्ट्र मंडळाच्या किंवा शहरातल्या मराठी लोकांच्या गटात आधीच असाल, तर ज्यांच्याकडे वीज आहे असं घर लवकर सापडतं. लहान मूल किंवा वृद्ध माणूस असेल तर दुसऱ्या रात्रीपर्यंत थांबू नका, निघा. निघण्याआधी रस्ता मोकळा आहे ना ते विचारा आणि पाण्याचा मुख्य नळ बंद करा.

९. वारा ओसरल्यावर बाहेर

जमिनीवर पडलेली किंवा लोंबकळणारी तार जिवंतच समजा, गावभर अंधार असला तरी. जवळ जाऊ नका, कुंपणाला हात लावू नका, मुलांना आणि कुत्र्याला आत ठेवा, ईएसबी नेटवर्क्सला कळवा. तारेवर पडलेलं झाड स्वतः कापायला जाऊ नका. जानेवारीत इथली जमीन पाण्याने फुगलेली असते, स्प्रूसच्या झाडांची मुळं उथळ असतात. तिरकं झालेलं झाड वादळानंतर दोन-चार दिवसांनीही कोसळतं.

छताची पाहणी जमिनीवरूनच करा. फोनच्या कॅमेऱ्याने मोठं करून बघा, शिडी लावू नका. या दिवसांत दारावर येऊन 'स्लेट सरकल्यात, आत्ता रोख द्या, लगेच करून देतो' म्हणणारे लोक फिरतात. त्यांना नम्रपणे परत पाठवा. काम करून घ्यायचं ते नाव-पत्ता, विमा आणि पावती देणाऱ्याकडून.

वीज आल्यावर बॉयलर सुरू झाला नाही तर आधी दाबाचा काटा बघा. बहुतेक बंद प्रणालींत गार असताना तो १ ते १.५ बारच्या दरम्यान हवा. त्याहून खाली असेल तर घरमालकाला किंवा तंत्रज्ञाला बोलवा. नळाचं पाणी उकळून प्यायची सूचना तुमच्या भागाला आहे का, ते इश्का एरनकडे तपासा. फ्रीझरमधल्या ज्या वस्तूंत अजून बर्फाचे खडे आहेत त्या ठेवा, बाकीच्या टाका. वास घेऊन ठरवू नका.

१०. विमा आणि सरकारी मदत

आवरायला घेण्याआधी फोटो काढा. प्रत्येक खोली, प्रत्येक फुटलेली वस्तू, फ्रीझरमधलं टाकायचं अन्नसुद्धा, कारण बऱ्याच पॉलिसींत त्याचीही भरपाई असते. तात्पुरती डागडुजी करायला हरकत नाही, पण पावत्या जपा आणि विमा कंपनीचा माणूस पाहून जाईपर्यंत मोडलेलं सामान फेकू नका.

भाडेकरूंनो, घरमालकाचा विमा भिंती आणि छताचा असतो. तुमचा लॅपटॉप, गाद्या, मिक्सर त्यात येत नाहीत. त्यासाठी घरातल्या सामानाचा वेगळा विमा घ्यावा लागतो, आणि तो वादळाआधीच घेतलेला असला पाहिजे. छत, खिडक्या आणि बॉयलरची दुरुस्ती करून देणं हे मात्र मालकाचं काम. त्याला फोनवर सांगून थांबू नका, त्याच दिवशी ईमेल करा आणि फोटो जोडा. टाळाटाळ झाली तर निवासी भाडेकरार मंडळाकडे, म्हणजे आरटीबीकडे तक्रार करता येते.

मोठ्या वादळानंतर सरकार मानवतावादी मदत योजना खुली करते. एओविननंतर वीज-पाणी गेलेल्या घरांना अन्न, कपडे, तात्पुरता निवारा यांसाठी त्यातून पैसे मिळाले. विम्यातून मिळणारा खर्च त्यातून मिळत नाही. अर्जासाठी वर दिलेल्या कम्युनिटी वेल्फेअरच्या क्रमांकावर फोन करा आणि पीपीएस क्रमांक, पत्त्याचा पुरावा, आयबॅन, पावत्या हाताशी ठेवा. तुमच्या उत्पन्नाला आणि परिस्थितीला काय लागू होतं ते तेच सांगतील. पात्र नसाल असं गृहीत धरून फोन टाळू नका.

हे सगळं मार्गी लागलं की त्याच आठवड्यात खोकं पुन्हा उघडा. वापरलेल्या बॅटऱ्या, औषधं, सातूचं पीठ भरून ठेवा. ६ डिसेंबर २०२४ च्या 'डॅरा' वादळात ३ लाख ९५ हजार जोडण्यांची वीज गेली होती, आणि त्यानंतर सात आठवड्यांतच एओविन आलं.